कंपासपेटीतलं घड्याळ

या अंकासाठी विषय सुचवा म्हटल्यावर मी ‘सूर्यघड्याळ’ म्हणाले, तेव्हा मंडळाच्या बैठकीत जरा शांतता पसरली. “हे विज्ञान मंडळाला दे की,” असं एकजण म्हणालाच. त्याचं खरं आहे. मी साहित्याची विद्यार्थिनी, दहावीनंतर गणिताला नमस्कार केलेली. पण हा लेख मला आपल्याच अंकात हवा होता, कारण त्यात एक जुनी चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती चूक माझी आहे.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरासमोर, बऱ्याच ख्रिस्ती घरांसमोर असतो तसा, एक दगडी क्रूस आहे. त्याच्या उत्तरेला अंगणात एक लांब फरशी आहे आणि तिच्यावर छिन्नीने मारलेली एक सरळ रेघ. ही रेघ माझ्या पणजोबांची. ते चर्चची घंटा वाजवायचे. क्रुसाची सावली रेघेवर आली की ते दुपारच्या आंजेलुससाठी निघायचे. चर्च दोन मिनिटांवर. पुढे चर्चमध्ये घड्याळ आलं, आणि आजोबांनी घंटा वाजवली ती घड्याळाप्रमाणे. पण दुपारी घरी येऊन टोपी काढता काढता ते म्हणायचे, “घड्याळाचे बारा झाले, उन्हाचे अजून व्हायचेत.” आणि वर हेही सांगायचे, की मृतांच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सावली रेघेवर लवकर येते आणि उपवासकाळाच्या सुमारास उशिरा.

मी सातवीत असताना, पाहुणे जेवायला बसलेले असताना, मी त्यांना म्हणाले, “आजोबा, घड्याळ चुकत नाही. तुमची रेघच वाकडी आहे.” सगळे हसले. आजोबाही हसले. पण त्यानंतर उन्हाच्या बाराचा विषय त्यांनी काढल्याचं मला आठवत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात ते घसरून पडले आणि खाटेला लागले. खिडकीतून त्यांना क्रूस दिसतो, रेघ दिसत नाही. २ नोव्हेंबरला मी घरी गेले होते. दुपारी ते म्हणाले, “बाय, सावली रेघेवर आली का बघ बघू.” मी बाहेर जाऊन उभी राहिले. सावली रेघेवर आली तेव्हा फोनमध्ये १२ वाजून १६ मिनिटं झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत हीच सावली साडेबाराच्या आसपास रेघेवर येते हे मी लहानपणापासून बघत आले होते. रेघ वाकडी असती तर ती बारा महिने सारखीच वाकडी असायला हवी होती. मग ही वेळ सरकते कशी?

पहिल्या घड्याळाचे बारा

एका परदेशी पुस्तकात सूर्यघड्याळाचा तयार आराखडा होता. तो मी पुठ्ठ्यावर उतरवला, त्रिकोणी काटा चिकटवला आणि गच्चीवर ठेवला. दुपारचे बारा त्याने बरोबर दाखवले (उन्हाचे बारा, घड्याळाचे नव्हेत, तो हिशेब पुढे येईल). पण त्या हिशेबाने सकाळी नऊ वाजता ते पंधरा-वीस मिनिटं पुढे, आणि दुपारी तीनला तितकंच मागे. थोडक्यात, माझ्या पहिल्या सूर्यघड्याळाचे बारा वाजले.

कारण साधं होतं. तो आराखडा ५२ अंश अक्षांशासाठी काढलेला होता, म्हणजे इंग्लंडकडच्या गावांसाठी. बेळगावचा अक्षांश सुमारे १६ अंश. भिंतीवरचं घड्याळ कुठूनही आणून कुठेही लावता येतं, सूर्यघड्याळ मात्र त्या-त्या गावासाठीच काढावं लागतं.

असं का, हे समजायला एकच गोष्ट डोक्यात ठेवायची. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. आपल्या घड्याळाच्या काट्याची तिरपी कड पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवली, तर सूर्य त्या कडेभोवतीच तासाला १५ अंशांनी फिरताना दिसतो, मग उन्हाळा असो की हिवाळा. नुसती उभी काठी रोवली तर तिची सावली ऋतूप्रमाणे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी वळते (फक्त मध्यान्हीची तेवढी नेमकी उत्तर-दक्षिण पडते, म्हणून क्रुसाची रेघ चालते). तिरप्या काट्याचं तसं नाही.

आस किती तिरपा? जितका गावाचा अक्षांश, तितकाच. बेळगावात काट्याची कड जमिनीशी १६ अंश हवी आणि तिचं उंच टोक उत्तरेकडे. रात्री त्या कडेच्या रोखाने पाहिलं तर समोर ध्रुवतारा यायला हवा. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंशांची होते. म्हणजे आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर असतो.

जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र तुम्ही निदान फोटोत पाहिलं असेल. त्या प्रचंड जिन्याची कड २७ अंश तिरपी आहे, कारण जयपूरचा अक्षांश २७. उंची सुमारे २७ मीटर, म्हणून तिथली सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकताना डोळ्यांना दिसते. ते बांधणाऱ्या सवाई जयसिंगाने पोर्तुगालला एक शिष्टमंडळ पाठवलं होतं आणि त्याचे प्रमुख होते मान्युएल द फिगेरेदो हे जेज्विट फादर. जयसिंगाचीच उज्जैनची वेधशाळा मोडकळीला आली होती, ती १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. आपल्या मंडळाच्या इंदूरकडच्या मित्रांना ती जवळच आहे. आमच्या अंगणातल्या घड्याळाची आणि त्या जिन्याची युक्ती एकच, फरक फक्त आकाराचा.

आता कंपासपेटी उघडा

साहित्य: कंपास, पट्टी, दोन्ही गुण्या, कोनमापक, टोकदार पेन्सिल, ३५ × २५ सेंमीचा प्लायवुडचा सपाट तुकडा, तेवढाच ड्रॉइंगचा कागद आणि काट्यासाठी पातळ पत्रा किंवा कडक पुठ्ठा. साइन, टॅनची कोष्टकं लागत नाहीत. मला ती येतही नाहीत.

काटा. वेगळ्या कागदावर १५ सेंमीची आडवी रेषा काढा. डाव्या टोकाला अ, उजव्या टोकाला ब म्हणा. अ पाशी कोनमापकाने १६ अंशांची तिरपी रेषा काढा. ब पाशी गुण्या लावून उभा लंब काढा, तो तिरप्या रेषेला जिथे भेटेल तो ड. त्याची उंची साधारण ४.३ सेंमी येईल. अबड हा त्रिकोण म्हणजे आपला काटा, आणि अड ही त्याची वेळ दाखवणारी कड.

आता याच आकृतीत ब पासून तिरप्या अड रेषेवर लंब टाका. तो जिथे टेकेल तो क. बक हे अंतर सुमारे ४.१ सेंमी भरेल. ते कंपासमध्ये धरून ठेवा, सगळं घड्याळ या अंतरावर उभं आहे.

तबकडी. ड्रॉइंगचा कागद आडवा ठेवून मधोमध उभी रेषा काढा. ही बाराची रेषा. तिच्यावर खालच्या कडेपासून ३ सेंमीवर अ आणि तिथून वर १५ सेंमीवर ब. ब मधून दोन्ही बाजूंना पूर्ण आडवी रेषा काढा. मग कंपासमध्ये धरलेलं बक अंतर ब च्या पुढे, त्याच उभ्या रेषेवर ठेवा. तो बिंदू प.

प पासून, बाराच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १५, ३०, ४५, ६० आणि ७५ अंशांच्या रेषा काढा आणि त्या ब च्या आडव्या रेषेला टेकेपर्यंत वाढवा. ३०, ४५ आणि ६० अंश गुण्यांमध्ये तयारच असतात. ४५ आणि ३० च्या गुण्या शेजारी लावल्या की ७५, आणि ४५ मधून ३० वजा केले की १५. कोनमापकापेक्षा गुण्यांनी हे काम नीट होतं.

आडव्या रेषेवर ब पासून साधारण १.१, २.४, ४.१, ७.२ आणि १५.४ सेंमीवर खुणा मिळतील. तिसरी खूण ब पासून नेमकी बप इतक्याच अंतरावर हवी. नसेल तर कुठेतरी हात हलला आहे, तिथेच थांबून पुन्हा करा. मी दोनदा केलं.

आता या सगळ्या खुणा अ ला जोडा. याच तासांच्या रेषा. अ मधून एक आडवी रेषा काढली की ती सकाळ-संध्याकाळच्या सहाची. अ तुमच्याकडे ठेवून पाहिलं तर डावीकडे बाराकडून बाहेर ११, १०, ९, ८, ७, ६ आणि उजवीकडे १, २, ३, ४, ५, ६. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून सावली पश्चिमेला. हे एकदा उलटं लिहून पाहिलं की कायमचं लक्षात राहतं.

इथे प पाशी काय घडलं ते थोडक्यात सांगते. काट्याच्या कडेला काटकोनात एक तबकडी उभी केली असती तर तिच्यावरच्या तासरेषा सरळ पंधरा-पंधरा अंशांवर आल्या असत्या. ती कल्पनेतली तबकडी आपण कागदावर झोपवली. तिचं केंद्र प. तिच्या रेषा जमिनीला जिथे टेकतात त्या खुणा आपण घेतल्या आणि तबकडी सोडून दिली. म्हणून शेवटी अ पाशी मिळालेले कोन सारखे नसतात. बाराच्या लगतचा तास जेमतेम ४ अंशांचा, तर पाच ते सहामधला तब्बल ४४ अंशांचा. कमी अक्षांशावर दुपारच्या रेषा अशी गर्दी करतात. उत्तरेला जाल तशी ती गर्दी कमी होते, म्हणून परदेशी आराखडा आपल्याकडे फसतो.

जोडणी. कागद प्लायवुडवर चिकटवा आणि काटा अब रेषेवर उभा करा, अ वर टोक, ब वर उंच बाजू. पत्रा जाड असेल तर सकाळची सावली एका कडेची पडते आणि दुपारची दुसऱ्या. अशा वेळी तबकडी बाराच्या रेषेवर उभी कापून दोन अर्ध्यांमध्ये पत्र्याच्या जाडीइतकी फट ठेवायची. मी हे विसरले होते, आणि बाराच्या आसपास रेषा इतक्या जवळ असतात की तीन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याने कित्येक मिनिटं खाल्ली.

उत्तर शोधणं

फोनमधल्या होकायंत्रावर मी विसंबले नाही, शेजारी लोखंड असलं की ते भरकटतं. त्यापेक्षा आपली जुनी पद्धत बरी. सूर्यसिद्धान्तात ती आहे, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) तर शंकू आणि त्याची सावली यांच्या गणितासाठी वेगळं प्रकरणच आहे. गवंड्याच्या पाणसळीने सपाट केलेल्या जागी २० सेंमीची सरळ काठी उभी रोवायची. तिच्याभोवती २५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सकाळी आखडत जाणाऱ्या सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण, दुपारी लांबत जाणाऱ्या सावलीचं टोक पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा, आणि तिचा लंबदुभाजक म्हणजे उत्तर-दक्षिण.

मी हे नाताळाच्या सुट्टीत, २३ डिसेंबरला केलं. त्या दिवसांत सूर्याचं दक्षिणेकडे सरकणं जवळजवळ थांबलेलं असतं, त्यामुळे रेषा चोख मिळते. मे ते जुलैमध्ये काठीची भर दुपारची सावली फार आखूड होते. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावात एकेका दुपारी ती पायातळी नाहीशीच होते. मिळालेल्या रेषेपासून पणजोबांच्या रेघेपर्यंत मी दोरी ताणून अंतर मोजलं. दोन्ही टोकांना सारखंच भरलं. रेघ वाकडी नव्हती.

मग घड्याळाशी का जुळत नाही?

दोन कारणं आहेत. पहिलं, भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. बेळगाव ७४.५ अंशांवर, म्हणजे ८ अंश पश्चिमेला. सूर्याला एक अंश ओलांडायला ४ मिनिटं लागतात, आठ चोक बत्तीस. घड्याळाचे बारा वाजल्यावर सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेवर यायला सरासरी ३२ मिनिटं लागतात. हाच हिशेब पणजीला सुमारे ३५, वडोदऱ्याला ३७, इंदूरला २७, ग्वाल्हेरला १७ आणि हैदराबादला १६ मिनिटांचा. सगळ्या देशाचं घड्याळ एक झालं ते १ जानेवारी १९०६ पासून. मुंबईने तर ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ त्यानंतरही कित्येक वर्षं सोडली नव्हती. त्या लोकांना आपण वेडे म्हणणार का? त्यांचे बारा खरोखरच तेव्हा वाजत होते.

दुसरं कारण जास्त मजेशीर. उन्हाचा दिवस रोज नेमका २४ तासांचा नसतो. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे तिचा वेग बदलतो. शिवाय तिचा आस कललेला आहे. या दोन्हींमुळे सूर्य कधी घड्याळाच्या पुढे असतो, कधी मागे. फेब्रुवारीच्या मध्याकडे तो सुमारे १४ मिनिटं मागे पडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे असतो. हिशेब फिटतो तो वर्षातून चारदा: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर यांच्या आसपास.

म्हणजे बेळगावकडचे उन्हाचे बारा फेब्रुवारीत १२ वाजून ४६ मिनिटांनी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १६ मिनिटांनी. उपवासकाळाच्या सुमारास उशिरा आणि मृतांच्या दिवसांत लवकर. हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. आजोबांनी ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. क्रूस, रेघ आणि चर्चचं घड्याळ या तिघांकडे रोज बघून त्यांना ते कळलं होतं.

नाताळची दुपार

डिसेंबरमध्ये संध्याकाळी मी आजोबांना शास्त्र वाचून दाखवत होते. २ राजे, विसाव्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाच्या दारात असतो. देव त्याला आणखी पंधरा वर्षं देतो, आणि खूण म्हणून आहाजाच्या वेळची सावली दहा पावलं मागे जाते. मी आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “मला पंधरा वर्षं नकोत बाय, बारा कधी वाजतात तेवढं सांग.”

२५ डिसेंबर हा चार हिशेबी दिवसांपैकी एक. त्या दिवशी आमच्याकडे उन्हाचे बारा १२ वाजून ३२ मिनिटांनी व्हायला हवेत, ना पुढे ना मागे. मिस्सा आटोपून सगळे घरी आले होते. सातवीतल्या त्या जेवणाला होते त्यांतलेही बरेच जण होते. घड्याळ मी क्रुसाजवळ उन्हात ठेवलं होतं. बाबा आणि काकांनी आजोबांना खुर्चीसकट अंगणात आणलं. पायांवर चादर, डोक्यावर तीच टोपी. चर्चची बाराची घंटा कधीच वाजून गेली होती आणि आतून कुणीतरी जेवायला हाका मारत होतं. आम्ही थांबलो.

क्रुसाची सावली हळूहळू रेघेला भिडली. तबकडीवरची सावली बाराच्या रेषेत शिरली.

“घड्याळात किती?” आजोबांनी विचारलं.

“बारा बत्तीस.”

“आणि उन्हात?”

“बारा.” मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आजोबा, तुमची रेघ वाकडी नव्हती. माझंच चुकलं होतं.”

“माझी कुठली,” ते म्हणाले. “माझ्या बापाची.”

आणि मग जेवण थंड होतंय म्हणून सगळे आत गेले.

प्लायवुडचं घड्याळ पहिल्या पावसात फुगेल, म्हणून ते पुन्हा कडाप्प्यावर कोरायचा विचार आहे. तोपर्यंत तुमच्यापैकी कुणाला करून बघायचं असेल तर वरच्या आकृतीत १६ च्या जागी आपल्या गावाचा अक्षांश घाला, बाकी कृती तीच. आणि तेवढाही वेळ नसेल तर एक दुपार अंगणात उभी काठी रोवून बघा, सावली उत्तर-दक्षिण रेषेवर येते तेव्हा फोनमध्ये किती वाजलेत.

फरशीवरची रेघ आता बरीच पुसट झाली आहे. काकांनी छिन्नी शोधून ठेवली आहे. ती ठळक करायचं काम आजोबांनी माझ्याकडे दिलंय.